लेकरांसकट परदेशात मुक्काम: हॉटेलची रूम ठरवण्याचा नेमका क्रम

हे काम बहुतेक घरांत उलटं होतं. आधी फोटो बघून हॉटेल पसंत पडतं, मग भाव काढला जातो, मग तारखा जुळवल्या जातात. दोन लेकरं धरून चार जणं त्या एका पलंगावर झोपणार कशी, हा प्रश्न थेट तिथल्या रिसेप्शनवर निघतो. यवतमाळ किंवा वाशीमकडच्या गावातून निघालेलं कुटुंब तिथवर पोचतं तेव्हा गावापासून नागपूर, नागपूरहून मुंबई आणि तिथून रात्रीचं विमान, असा जवळजवळ दिवसभराचा प्रवास अंगावर असतो. पोर खांद्यावर झोपलेलं असताना कोणी घासाघीस करत नाही. मागतील तेवढे पैसे देऊन माणूस मोकळा होतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. हॉटेलचं नाव पाचव्या टप्प्यापर्यंत येतच नाही, ते मुद्दाम. उदाहरणं मुख्यतः थायलंड, दुबई, सिंगापूर आणि मलेशियाची आहेत, कारण लहान लेकरं घेऊन पहिल्यांदा बाहेर पडणारे आपल्याकडचे लोक बहुधा तिकडेच जातात.

## १. आधी डोकी आणि वयं कागदावर

वहीचं एक पान घ्या. प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख आणि हॉटेलात शिरण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय लिहा. आजचं वय नको. मुलगी आज पाच वर्षांची असेल, दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल आणि मधे तिचा वाढदिवस येत असेल, तर हॉटेलच्या हिशेबात ती सहा वर्षांची. काउंटरवर वय पासपोर्टवरून धरतात.

एसटीचा हिशेब इथे चालत नाही. एसटीत पाच वर्षांखालचं लेकरू फुकट आणि बारापर्यंत अर्धं तिकीट, मग गाडी मेहकरची असो की गडचिरोलीची. हॉटेलांत ज्याचा त्याचा नियम: कुठे दोन वर्षांपर्यंत फुकट, कुठे सहा, कुठे बारा. एकाच कंपनीच्या दोन शहरांतल्या हॉटेलांचे नियमही सारखे असतील असं नाही. त्यामुळे प्रत्येक हॉटेलच्या पानावर 'मुलांविषयीचे नियम' हा भाग वेगळा उघडून वाचावाच लागतो.

'मुलं फुकट' याचा अर्थ एवढाच, की आईबापाच्या पलंगावर झोपलं तर लेकराचं भाडं नाही. वेगळी गादी आणि सकाळचा नाश्ता त्यात बहुधा धरलेला नसतो. नाश्ता दोघांचाच असेल तर तिसरी प्लेट घेतली की बिलात दिसते.

आणि माणसांची मर्यादा वेगळीच असते. खोलीत जास्तीत जास्त किती जणं राहू शकतात हा आकडा ठरलेला असतो आणि त्यात लेकरंही मोजतात. युरोपात तो आगीच्या सुरक्षेच्या नियमांशी बांधलेला असतो. सिंगापूर आणि जपानात मुळात खोल्याच लहान. तिथे 'साहेब, मांडीवर झोपवतो' हे चालत नाही.

सावधान: वय कमी सांगून किंवा एखादं लेकरू न दाखवता बुकिंग करू नका. हॉटेलात प्रत्येकाचा पासपोर्ट बघतात, बहुधा स्कॅनही करतात. मग त्या दिवशीच्या चढ्या भावाने मोठी रूम घ्यावी लागते. हॉटेल भरलेलं असेल तर तीही मिळत नाही.

## २. झोपण्याचा नकाशा

या टप्प्याला एक संध्याकाळ द्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. त्याच पानाच्या मागे पलंगांचे चौकोन काढा आणि प्रत्येक चौकोनात नावं लिहा. घरी कोण कोणाला चिकटून झोपतं, रात्री दुधासाठी कोण उठतं, कोण अजून गादी ओली करतं, हे सगळं धरून.

मापं साधारण अशी: डबल बेड साडेचार फूट रुंद, क्वीन पाच फूट, किंग सहा फूट किंवा थोडा जास्त. सहा फुटांत दोन मोठे आणि मधे एक चार-पाच वर्षांचं लेकरू निभतं. दुसरं लेकरू आलं की नाही निभत. साडेचार फुटांवर तर एका लेकरातही बाप खाली जातो.

नावांचा घोळ इथे सगळ्यांना फसवतो. 'डबल रूम' म्हणजे दोन पलंग नव्हेत. एकच मोठा पलंग. दोन सुटे पलंग हवे असतील तर शब्द 'ट्विन', आणि त्यातला प्रत्येक पलंग तीन-साडेतीन फुटांचा. 'डबल किंवा ट्विन' असं लिहिलं असेल तर त्या दिवशी जी रिकामी असेल ती तुम्हाला देतील. 'ट्रिपल'मध्ये तिघांची सोय असते, पण तिसरा पलंग कधी खरा, कधी घडीचा, कधी सोफा ओढून केलेला. 'फॅमिली रूम' या शब्दाला तर ठरलेली व्याख्याच नाही. कुठे दोन क्वीन पलंग मिळतात, कुठे एक किंग आणि वर-खाली बंक बेड. बंकच्या वरच्या पलंगावर सहा वर्षांखालच्याला झोपवायचं नाही, म्हणजे लहान लेकरांसाठी तो पलंग अर्धाच धरायचा.

दोन खोल्या घेणार असाल, आजी-आजोबा सोबत असतील, तर आणखी दोन शब्द सांभाळा. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन खोल्यांच्या मधे आतून दार. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे फक्त शेजारी. ये-जा बाहेरच्या व्हरांड्यातून. आजीजवळ झोपणारं लेकरू रात्री दोनला आई मागतं, तेव्हा हा फरक कळतो. दोन्ही खोल्यांत एकेक मोठं माणूस पडेल अशी वाटणी करा. काही हॉटेलं लेकरांची खोली स्वतंत्र देतच नाहीत.

जोडलेले पलंग. 'ट्विन घेऊ आणि जोडून टाकू' हा आपल्याकडचा आवडता तोडगा. जोडता येतात, पण मधे फट राहते आणि गाद्या रात्रभर एकमेकींपासून सरकतात. वरून एकच टॉपर (गाद्यांवर पसरायची पातळ गादी) आणि एकच मोठी चादर खोचून द्या, असं हॉटेलला आधीच लिहा. काही ठिकाणी पलंग भिंतीला पक्के असतात, तेही विचारा. वर्षाखालचं बाळ अशा जोडलेल्या पलंगावर अजिबात नको.

एक्स्ट्रा बेड. हा बहुधा घडीचा, चाकांचा, अडीच-तीन फुटांचा असतो. तो ठेवायला खोलीत जागा लागते, म्हणून लहान खोल्यांत तो मिळतच नाही, पैसे दिले तरी. आग्नेय आशियात काही हॉटेलं एक्स्ट्रा बेड म्हणून जमिनीवर टाकायची गादी देतात. तिला नाक मुरडू नका. खाली गादी टाकून झोपायची सवय असलेल्या लेकरासाठी ती पडण्याची भीती नसलेली सर्वांत चांगली जागा आहे.

बाळाचा कॉट, म्हणजे चारही बाजूंनी कठडा असलेला छोटा पलंग. साधारण चार फूट बाय दोन फूट, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी. बहुतेक ठिकाणी फुकट, पण संख्या मोजकी. आधी सांगेल त्याला. गादी कडक आणि कॉटला बरोबर बसणारी हवी. बाजूला फट दिसली तर बदलून मागा. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी आत ठेवू नका. वर्षाखालच्या बाळाचा श्वास अडण्याचा धोका असतो. हॉटेलची जाड, फुगीर रजाईही बाळाच्या अंगावर नको; एसीचं तापमान २४-२५ वर ठेवा आणि अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला.

आपल्या गावाकडचा वेगळाच प्रश्न झोळीचा. घरी झोळीत झोपणारं बाळ हॉटेलात सपाट गादीवर डोळा लावत नाही, आणि मग कोणीतरी पडद्याच्या दांडीला किंवा कपाटाच्या मुठीला साडी बांधतं. ती दांडी पडद्याचं वजन पेलण्यापुरती असते. बाळाच्या वजनाने, त्यातही झोके दिल्यावर, स्क्रू भिंतीतून निघतो. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दुपारची झोप सपाट गादीवर सुरू करा, मग रात्रीची. घरची धुतलेली, वास ओळखीचा असलेली पातळ चादर सोबत न्या आणि कॉटच्या गादीवर ती ताणून खोचा.

खोलीचं क्षेत्रफळ. तिकडे चौरस मीटर लिहितात, १०.७६ ने गुणलं की चौरस फूट. १८ चौरस मीटर म्हणजे सुमारे १९४ चौरस फूट, आणि त्यात बाथरूम बहुधा धरलेलं असतं. दोन मोठे, दोन लेकरं आणि चार बॅगा असतील तर २८-३० चौरस मीटरच्या खाली जाऊ नका. तेवढी जागा एका खोलीत परवडत नसेल तर स्टुडिओ (एकाच मोठ्या खोलीचं घर) किंवा एका बेडरूमचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट (हॉटेलासारखी साफसफाई मिळणारा भाड्याचा फ्लॅट) बघा. भाडं पुष्कळदा दोन हॉटेल रूमपेक्षा कमी बसतं आणि स्वयंपाकाचा ओटा मिळतो.

तपासा: प्रत्येक नावासमोर गादी आहे का? रात्री बाथरूमला जाताना कोणाला ओलांडावं लागतं का? याची उत्तरं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. पोचण्याचा तास

खोली साधारण दुपारी दोन किंवा तीनला मिळते आणि सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते. आपल्याकडून पूर्वेला जाणारी पुष्कळ विमानं रात्री सुटून पहाटे उतरतात. घड्याळही पुढे जातं: थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, सिंगापूर आणि मलेशिया अडीच तास पुढे. (दुबई उलट दीड तास मागे.) म्हणजे सिंगापुरात सकाळचे सात वाजले तरी लेकराच्या पोटात साडेचारच वाजलेले, आणि खोली आणखी सात तासांनी.

यावर तीन मार्ग. पहिला, आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यायची. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण सकाळी किल्ली हातात. दुसरा, पैसे देऊन लवकर प्रवेश मागायचा. दर आणि तास लेखी घ्यायचे. तिसरा, बॅगा ठेवून फिरायला जायचं. तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर तिसरा मार्ग सोडा. वाचवलेल्या पैशांपेक्षा पुढचे दोन दिवस चिडचिडीत जातात, हे जास्त महाग.

तारखेची चूक इथे हमखास होते. तिकिटावर ११ तारखेला रात्री १२.४० लिहिलं असेल तर विमानतळावर १० तारखेलाच रात्री जायचं आहे. सकाळी पोचताच खोली हवी असेल तर बुकिंग १० तारखेच्या रात्रीचं हवं, ११ चं नाही. आणि हॉटेलला कळवा की आम्ही ११ ला सकाळी सातला येतोय. नाही कळवलं तर रात्री पाहुणा आलाच नाही असं धरून ते अख्खं बुकिंग रद्द करू शकतात.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली ठेवण्याचा दरही आत्ताच विचारून ठेवा.

## ४. कोणत्या भागात

आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणून लोक मे-जूनमध्ये निघतात. त्या दिवसांत दुबईत दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. अकोल्या-चंद्रपूरच्या माणसाला त्याचं काय, असं वाटेल. पण तिथे दमट हवाही आहे आणि मेट्रोपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता लेकरू कडेवर घेऊन चालायचा आहे. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, मे ते ऑक्टोबर पावसाळा. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल झेंडे, म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. समुद्रासमोरच्या खोलीचे जास्तीचे पैसे त्या दिवसांत वाया. सावलीतला, उथळ, लेकरांचा वेगळा पूल असलेलं हॉटेल घ्या.

जेवणाच्या सोयीसाठी सिंगापुरात लिटल इंडिया, क्वालालंपुरात ब्रिकफिल्ड्स, दुबईत बर दुबई आणि करामा हे भाग उपयोगाचे. वरण-भात, इडली, दही पायी अंतरावर मिळतं. पण अशा जुन्या भागांत तळमजल्यावर बार किंवा क्लब असलेली हॉटेलं पुष्कळ असतात. पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना 'आवाज', 'संगीत', 'रात्र' असे शब्द शोधा.

'मेट्रोपासून ३०० मीटर' हे अंतर पुष्कळदा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं असतं. नकाशात पायी जाण्याचा रस्ता लावून बघा. मधे आठपदरी रस्ता आणि त्यावर जिन्याचा पूल असेल तर बाबागाडीवाल्यासाठी ते अंतर तिप्पट.

## ५. आता हॉटेल, आणि त्यातली नेमकी खोली

शोधताना मुलांची संख्या आणि वयं सुरुवातीलाच भरा. दोन मोठ्यांसाठी शोधून 'लेकरांचं मग बघू' केलं तर दिसणारा भाव आणि खोली दोन्ही खोटी. तीन-चार हॉटेलं निवडा आणि प्रत्येकाच्या एकाच खोलीचं पान नीट वाचा. हॉटेलचे सुंदर फोटो बहुधा सर्वांत महागड्या खोलीचे असतात. तुमच्या खोलीच्या नावाखाली कोणते फोटो आहेत तेवढेच बघा.

खिडकी आहे का? सिंगापूर, क्वालालंपूर, व्हिएतनाममधल्या स्वस्त खोल्यांना पुष्कळदा खिडकीच नसते. अशा खोलीत दिवस-रात्र कळत नाही आणि लेकराची झोप आणखी बिघडते.

बाल्कनी असेल तर कठड्याच्या गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं. आडव्या पट्ट्यांचा कठडा म्हणजे लेकरासाठी शिडीच. फोटोत आडव्या पट्ट्या दिसल्या किंवा कठड्याला लागून खुर्ची-टेबल दिसलं, तर बिनबाल्कनीची खोली घ्या. खोलीतून थेट तलावात उतरता येणाऱ्या 'पूल अ‍ॅक्सेस' रूम चालत्या-धावत्या लेकरासोबत घेऊच नका, कितीही सूट असली तरी. मालदीवमधल्या पाण्यावरच्या बंगल्यांत पुष्कळ रिसॉर्ट ठरावीक वयाखालची लेकरं ठेवू देत नाहीत. घेतली तर जबाबदारी आपली असं लिहून घेतात.

बाथरूमात बादली आणि पाणी घ्यायचा मग नसतो. शॉवर टबच्या वर आहे की वेगळा, हे बघा. दोन वर्षांच्या पुढच्या लेकराला वेगळा शॉवर आणि हातात धरायचा नळ सोपा. तान्ह्या बाळाला टब बरा, पण उंच काठ ओलांडून ओल्या पायाने बाहेर येताना मोठी माणसंच घसरतात. संडासाजवळ पाण्याची पिचकारी थायलंड, मलेशिया, दुबईत बहुधा असते. युरोप-अमेरिकेत सहसा नसते, तिथे घरून प्लॅस्टिकचा तांब्या न्या.

बाकी लवकर उरका: धूम्रपान नसलेली खोली, लिफ्ट, चालू फ्रीज, पाणी उकळायची किटली. मजला दुसरा ते सहावा बरा. लिफ्ट बंद पडली किंवा आग लागली तर लेकरू घेऊन उतरता येतं. लिफ्टच्या दाराला लागून खोली नको.

सावधान: किटलीत दूध तापवू नका, ते तळाला लागून जळतं आणि भरपाई मागतात. इंडक्शन, विजेचा कुकर, फोडणी, अगरबत्ती, कापूर यातलं काहीही साध्या हॉटेल रूममध्ये नको. धुराची घंटा वाजली की दंड होतो आणि पूर्ण मजला रिकामा करतात. खिचडी शिजवल्याशिवाय चालणारच नसेल तर ओटा असलेलं अपार्टमेंट घ्या. नाहीतर घरून भाजलेल्या मूगडाळ-तांदळाचं पीठ न्या आणि गरम पाण्यात कालवा. (दुबईला जाताना मसाल्यांत खसखस नको, तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत येते.)

## ६. खरा भाव काढा

दिसणाऱ्या भावापुढे 'प्लस प्लस' लिहिलं असेल तर सेवा-शुल्क आणि कर वेगळे. सिंगापुरात १० टक्के सेवा-शुल्क, आणि त्या रकमेवर ९ टक्के जीएसटी. १०० डॉलरची खोली ११९.९० ला पडते. दुबईत 'टुरिझम दिरहम' दर खोलीला दर रात्री ७ ते २० दिरहम, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीला दर रात्री १० रिंगिट. हे दोन्ही कर पुष्कळदा काउंटरवरच भरायचे असतात, आणि दोन खोल्या घेतल्या की दुप्पट.

यात एक्स्ट्रा बेड, लेकरांचा नाश्ता आणि लवकर प्रवेश मिळवा. मगच दोन हॉटेलांची तुलना करा. नाश्ता नसलेली स्वस्त खोली लेकरांच्या घरात बहुधा महाग पडते.

## ७. पैसे भरण्याआधी हॉटेलला लिहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बुकिंग करताना 'विशेष विनंती'च्या चौकटीत लिहिलेलं हॉटेलवर बंधनकारक नसतं; शिल्लक असेल तर देऊ, एवढाच त्याचा अर्थ. हॉटेलच्या स्वतःच्या ईमेलवर सोप्या इंग्रजीत, एका ओळीत एक प्रश्न असं लिहा. मजकूर असा असावा:

आम्ही २ मोठे, ७ वर्षांचा मुलगा आणि १४ महिन्यांची मुलगी. अमुक तारखेला सकाळी ७ वाजता पोचू. या प्रकारच्या खोलीत आम्ही चौघं राहू शकतो का? पलंग किती आणि किती रुंदीचे? बाळासाठी कॉट नक्की मिळेल का, दर किती? मुलाचा नाश्ता धरलेला आहे का? लवकर प्रवेशाचा दर किती? अनामत किती, आणि रोख चालते का?

'हो, चालेल' एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. पलंगांची संख्या आणि रक्कम आकड्यात आली पाहिजे. आलेलं उत्तर छापून ठेवा. रात्रपाळीच्या रिसेप्शनवाल्याला त्या ईमेलचा पत्ता नसतो.

एजंटाकडून पॅकेज घेत असाल तर: नागपूर-अमरावतीच्या एजंटाच्या कागदावर हॉटेलच्या नावापुढे 'अथवा तत्सम' लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांच्या आधारे तुमचं हॉटेल शहराबाहेर जाऊ शकतं. पूर्ण पैसे देण्याआधी हॉटेलचं पक्कं नाव, खोलीचा प्रकार, चारही जणांची नावं आणि हॉटेलने दिलेला कन्फर्मेशन नंबर मागा. मग त्या नंबरासह हॉटेलला स्वतः ईमेल करून खात्री करा. आणखी एक विचारा: 'चाइल्ड विदाउट बेड' लावलंय की 'चाइल्ड विथ बेड'? पॅकेज स्वस्त दिसावं म्हणून बहुधा पहिलं लावलेलं असतं, आणि ते अंगठ्याएवढ्या अक्षरात कोणी सांगत नाही.

## ८. पैसे आणि कागद

फुकट रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग असलं तरी लेकरांसोबत तेच घ्या. निघायच्या आदल्या दिवशी ताप येणं काही नवीन नाही. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे असते, हे विसरू नका.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते चालू करा आणि मर्यादा ठरवा. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं कार्ड तिकडे चालेल या भरवशावर राहू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं एक तरी कार्ड हवं. ओटीपीसाठी भारतातल्या नंबरावर रोमिंग चालू ठेवा. मशीनवर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग लावलेला असतो.

बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणे, लेकरांचीसुद्धा. हॉटेलचा पूर्ण पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा. थायलंडने १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन-पत्रक सुरू केलं आहे. सिंगापूर आणि मलेशियाचंही तसंच आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि त्यात मुक्कामाचा पत्ता लागतो. दुबई, सिंगापूर, मलेशियात चौकोनी जाड पट्ट्यांची तीन-पिनी सॉकेटं. बाटली गरम करायचं यंत्र नेणार असाल तर अ‍ॅडॉप्टर घ्या.

## ९. पोचल्यावर: बॅगा उघडण्याआधीची पंधरा मिनिटं

काउंटरवर आधी छापलेलं ईमेल दाखवा, मग पासपोर्ट. अनामत रोखीने दिली तर पावती घ्या. कार्डावर रोखून ठेवली तर क्रेडिट कार्ड बरं. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला एक-दोन आठवडे लागू शकतात.

खोलीत एकाने लेकरं दाराजवळ धरून बसावं, दुसऱ्याने या क्रमाने फिरावं. आधी बाल्कनीचं दार आणि खिडक्या: कडी लागते का, लेकराच्या हाताला पोचते का, जवळची खुर्ची, टेबल उचलून लांब. मग पलंग: गादीची शिवण उलटून काळे बारीक ठिपके बघा, ढेकणांची ती खूण. दिसले तर खोली बदला, तीही शेजारची नको. मग कॉट हलवून कुलपं घट्ट आहेत का ते. मग बाथरूम: गरम पाणी आपल्या मनगटावर घेऊन बघा. साठ अंशांचं पाणी लेकराची कातडी काही सेकंदांत भाजतं, म्हणून आधी थंड सोडा, मग गरम मिसळा, आणि बंद करताना गरम आधी. किटलीची वायर टेबलाच्या मागे सारा.

फ्रीजमधल्या बाटल्या-चॉकलेटांना हात लावू देऊ नका. काही हॉटेलांत वस्तू जागेवरून उचलली की बिलात लागते. रिसेप्शनला फोन करून तो रिकामा करून मागा. त्याच वेळी विचारा की किल्लीचं कार्ड भिंतीतल्या खाचेतून (ते तिथे असेल तोवरच खोलीत वीज) काढल्यावर फ्रीज चालू राहतो का. औषध किंवा दूध ठेवायचं असेल तर हे महत्त्वाचं. बंद होत असेल तर दुसरं कार्ड मागून तिथे अडकवून ठेवा.

बाहेरचं दार आपोआप आणि जोरात मिटतं. चौकटीत लेकराची बोटं सापडतात. आतून वरची साखळी लावा, कारण हँडल खाली दाबलं की दार उघडतं हे दोन वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी कळतं. दारामागचा आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा नकाशा बघा आणि जिन्यापर्यंत एकदा चालून या.

काही चुकलं असेल तर फोटो काढून लगेच खाली जा, बॅगा बंद असतानाच. खोलीत कपडे पसरल्यावर, लेकरांनी पलंगावर उड्या मारल्यावर, बदलून मिळणं अवघड होतं. निघताना पूर्ण बिल छापून घ्या आणि अनामत परत जमा होईपर्यंत ते जपून ठेवा.